नवीन सुरू झालेलं डेंटल कॉलेज पसंतीक्रमात कुठे टाकावं?

सुमेधा_ना
नमस्कार मंडळी. मुलीचा नीटचा निकाल लागला आणि घरात आनंद आणि वाद एकदमच सुरू झाले. ह्या गुणांवर सरकारी एमबीबीएस मिळत नाही, खाजगी एमबीबीएसची फी आमच्या आवाक्याबाहेर. तिला बीडीएस करायचं आहे आणि नाइलाज म्हणून नाही. हात चांगला आहे तिचा, मातीकाम, कोरीवकाम, बारीक काहीतरी सतत चालू असतं.

सीईटी सेलच्या पुढच्या फेरीचे पर्याय भरायचे आहेत. आमच्यापासून एसटीने दीड तासावर एक खाजगी डेंटल कॉलेज ह्याच वर्षी सुरू होतंय. १०० जागा, पहिलीच बॅच. बाकी यादीत वीस-पंचवीस वर्षं जुनी दोन खाजगी कॉलेजं आहेत, दोन्ही लांब, म्हणजे होस्टेल आलं. नवऱ्याचं म्हणणं, घराजवळचं घ्या. भाच्याचं म्हणणं, पहिल्या बॅचला मेलं तरी जाऊ नका. (भाचा इंजिनिअर आहे, पण मत सगळ्यावर असतं.) कॉलेजात फोन केला तर "मॅडम, सगळं अप्रूव्ह्ड आहे" ह्यापलीकडे उत्तर नाही.

तर नवीन डेंटल कॉलेजला अर्ज करताना नक्की काय बघायचं? पदवी मान्य होईल ना? आणि उद्या ते बंद पडलं तर पोरीचं काय? जाणकारांनी कृपया लिहा. शनिवारपर्यंत वेळ आहे.

सीईटीग्रस्त
वाचनखूण साठवली आहे. आमच्याकडे मुलगा, बाकी सगळं रामायण हेच.

पुणेरी_चिंच
इमारतीचा फोटो माहितीपत्रकात पहिल्या पानावर आणि प्राध्यापकांची नावं कुठेच नाहीत, असं असेल तर काय समजायचं ते समजा.

दंतकथा
सुमेधाताई, मी दातांचा डॉक्टर, सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. जरा लांबण लागेल, कारण नवीन कॉलेजबद्दल लोक भलत्याच गोष्टींची चौकशी करत बसतात.

आधी कागद. नवीन डेंटल कॉलेजला परवानगी केंद्रीय पातळीवर मिळते, तपासणीनंतर. ही परवानगी कायमची नसते. पहिली बॅच शेवटच्या वर्षाला पोचेपर्यंत दरवर्षी नूतनीकरण लागतं, आणि पहिल्या बॅचची अंतिम परीक्षा होताना पुन्हा तपासणी होऊन मग पदवीला मान्यता मिळते. फोनवर सांगितलेल्या "अप्रूव्ह्ड"चा अर्थ आज एवढाच, की ह्या वर्षी मुलं घ्यायला हरकत नाही. पत्र बघायला मागा. नाव, जागांची संख्या आणि शैक्षणिक वर्ष, तिन्ही जुळले पाहिजेत. आणि तेच नाव सीईटी सेलच्या यादीत असेल तरच भरा. "आत्ता फॉर्म भरा, परवानगी येतेच आहे" म्हणणाऱ्यापुढे हात जोडून बाहेर पडा.

अभिमत विद्यापीठाचं कॉलेज नसेल तर परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच, म्हणजे मुंबईच्या सरकारी कॉलेजातली मुलं आणि तुमची मुलगी एकच पेपर लिहिणार. पदवीवर विद्यापीठाचं नाव. तेव्हा "नवीन कॉलेजची डिग्री हलकी" ही भीती मनातून काढून टाका.

आता खरं काम. दंतवैद्यक पुस्तकात कमी आणि चेअरवर जास्त शिकतात. बीडीएस चार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, बायोकेमिस्ट्री आणि दातांची रचना, म्हणजे मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरणे. (तुमची मुलगी इथे मजा करेल.) दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजी, पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, डेंटल मटेरियल्स, आणि फँटम हेडवर, म्हणजे पुतळ्याच्या तोंडात, खड्डे करून भरण्याचा सराव. खरा पेशंट तिसऱ्या वर्षी. तिथून प्रत्येक विभागाचा कोटा असतो. इतके दात काढा, इतकं स्केलिंग, इतक्या फिलिंग, इतक्या कवळ्या. पेशंटच नसेल तर कोटा कसा पुरा करणार? मग एका केसवर तिघांच्या सह्या होतात आणि पोरगं पास होऊन बाहेर पडतं ते दाढ काढायला घाबरत.

म्हणून माझा सल्ला एकच: ओपीडी बघा. अ‍ॅडमिशनच्या गडबडीत नाही, साध्या मंगळवारी सकाळी अकराला, कुणाला न सांगता. बाकड्यावर बसा. चेअरवर दिवा लागलाय का? केसपेपरवर आजचा नंबर कितवा? शेजारच्या आजीबाईंना विचारा, कुठून आलात, कितव्यांदा आलात. दुसऱ्यांदा आलेला पेशंट म्हणजे कॉलेज चालू आहे.

वैशाली ज.
दंतकथा, पण पहिलंच वर्ष आहे तर ओपीडी रिकामी असणारच ना? तिसऱ्या वर्षापर्यंत भरेलही.

दंतकथा
बरोबर, दोन वर्षं असतात हातात. म्हणूनच आज किती पेशंट आहेत ह्यापेक्षा ते येणार कुठून हे बघायचं. कॉलेज एखाद्या चालत्या हॉस्पिटलच्या आवारात असेल तर पेशंट आपसूक येतात. जनरल मेडिसिन आणि सर्जरी शिकवायला हॉस्पिटल तसंही लागतंच. हायवेवर शेताच्या मधोमध एकटं उभं असेल तर तिथे दात दुखतो म्हणून कोण जाणार? तालुक्याच्या गावापासून बस आहे का, शिबिरं घेतात का, दर काय लावतात, हे विचारा.

वऱ्हाडी ठेचा
माफ करा पण मूळ प्रश्नच चुकीचा आहे. नवीन का जुनं हे नंतर, आधी बीडीएस कशाला? देशात तीनशेच्या वर डेंटल कॉलेजं आहेत. २०२०-२१ ला सुमारे ७ हजार जागा रिकाम्या राहिल्या म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये कोर्टाने पात्रतेचं पर्सेंटाइल १० ने खाली आणायला सांगितलं. ज्या कोर्सला मुलं मिळत नाहीत त्याची नवी कॉलेजं काढायची आणि आईबापांनी रांगा लावायच्या. एक वर्ष रिपीट करू द्या, एमबीबीएस लागेल.

दंतकथा
ठेचाभाऊ, आकडा बरोबर, निष्कर्ष घाईचा. त्या रिकाम्या जागांमध्ये खाजगी कॉलेजांच्या महागड्या जागा बहुतेक होत्या. सरकारी डेंटलच्या त्यात अगदी थोड्या. मुंबईचं सरकारी, नागपूर, संभाजीनगर आणि महापालिकेचं नायर, इथे शेवटच्या फेरीतही मारामारी असते. दर ठीक असेल तर बीडीएसला मागणी आहे.

बाकी तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. बीडीएस झाल्यावर शहरात दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये दहा-पंधरा हजारांवर राबणारी पोरं मी पाहतो. स्वतःचं टाकायचं तर चेअर, कॉम्प्रेसर, एक्स-रे, ऑटोक्लेव्ह, शिवाय जागेचं भाडं, आणि पहिली दोन-तीन वर्षं दारावरची पाटी वाचत बसायचं. पण तालुक्याला चित्र वेगळं आहे. आमच्याकडे लोक दात दुखला की अजून लवंग दाबून बसतात, मग गाल सुजल्यावर येतात. काम भरपूर आहे. फक्त हात तयार पाहिजे, आणि म्हणून पुन्हा तिथेच येतो, ओपीडी.

सुमेधा_ना
ठेचा, रिपीटचा विषय घरात होऊन गेलाय. ती नाही म्हणाली आणि मला पटलं. त्यावर कृपया नको.

वऱ्हाडी ठेचा
बरं बुवा. तलवार म्यान.

निवांत पाटील
भाच्याच्या मताच्या विरुद्ध लिहितो. मी स्वतः एका नवीन कॉलेजच्या पहिल्या बॅचचा आहे, त्या काळी जिल्ह्याजिल्ह्यात डेंटल कॉलेजं उगवत होती. आम्हाला वरचे कुणीच नव्हते. ह्याचा एक फायदा असा की रॅगिंग नाही. तोटे बरेच. सीनियरकडून जुना इन्स्ट्रुमेंटचा डबा मिळतो, नोट्स मिळतात, कोणत्या सरांच्या व्हायवाला काय विचारतात ते कळतं, त्यातलं काहीच नाही. पहिल्या वर्षी काढलेले खरे दात गोळा करावे लागतात अभ्यासाला. जुन्या कॉलेजात सीनियर बरणी देऊन टाकतो. आम्ही गावातल्या डॉक्टरांच्या दारोदार फिरलो. एका डॉक्टरांच्या कंपाउंडरने प्रत्येक दाताचे पैसे मागितले होते.

पण तिसऱ्या वर्षापासून आमची चैन होती. जुन्या कॉलेजात एमडीएसची, म्हणजे बीडीएसनंतरच्या पदव्युत्तर शिक्षणाची (पीजी) मुलं असतात आणि चांगली केस आधी त्यांच्याकडे जाते. अवघड अक्कलदाढ, मागच्या दाढेचं रूट कॅनाल, सगळं पीजीकडे. बीडीएसवाला बाजूला उभा राहून सक्शन धरतो आणि दिवसभर स्केलिंग करतो. आमच्याकडे पीजी नव्हतेच, ते पहिली बॅच बाहेर पडल्यावर आले. त्यामुळे जो पेशंट आला तो आमचा. सर स्वतः शेजारी उभे राहून करून घ्यायचे. इंटर्नशिपला मी जितक्या दाढा काढल्या तितक्या मोठ्या कॉलेजातल्या माझ्या मित्राने काढल्या नाहीत. त्यामुळे पहिली बॅच म्हणजे गिनीपिग, हे अर्धंच खरं.

पुणेरी_चिंच
गिनीपिग कोण होतं ते त्या पेशंटांना विचारायला हवं :)

खडूस मास्तर
पाटील म्हणतात ते खरं, पण त्यात एक अट लपली आहे: "सर स्वतः शेजारी उभे राहून". सर पाहिजेत ना!

मी डेंटल कॉलेजात शिकवलं, आता निवृत्त. कॉलेजांची नावं घेणार नाही. एका ठिकाणी तपासणीच्या दिवशी सकाळी मी माझ्याच विभागात अशी माणसं पाहिली ज्यांना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. कागदावर ती माझे सहकारी होती. पेशंट बसने आणले होते, नाश्त्यासकट. दुपारी तपासणी संपली, बस गेली, सहकारी गेले, मी आणि दोन लेक्चरर उरलो.

सगळीकडे असं नसतं. चांगली संस्था सुरुवातीला ज्येष्ठ प्राध्यापक टिकवण्यासाठी पैसे मोजते, क्वार्टर्स देते. तेव्हा ओपीडीइतकंच महत्त्वाचं दुसरं काम करा. पहिल्या वर्षाचे विषय कोण शिकवतं ते नावानिशी विचारा. विशेषतः शरीररचना आणि बायोकेमिस्ट्री, कारण हे विषय एमबीबीएसच्या बाजूचे आणि एकट्या डेंटल कॉलेजला ते शिक्षक मिळवताना घाम फुटतो. जवळच मेडिकल कॉलेज त्याच संस्थेचं असेल तर सुटतं. शवविच्छेदनाचं काय करतात तेही विचारा. उत्तर देताना समोरचा दुसऱ्याकडे बघू लागला तर समजा.

२०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा झाला, जुन्या दंत परिषदेच्या जागी आयोग. त्याने हे प्रकार कमी होतील अशी आशा धरणारे आहेत. मी आशा धरायच्या वयाचा नाही.

निवांत पाटील
मास्तर, आमच्या तपासणीला नाश्ता आम्हीच वाटला होता. उपमा. आठवण झाली.

चंदू_चिपळूण
इथे दातांचे एवढे डॉक्टर जमलेत तर विचारून घेतो. माझी खालची अक्कलदाढ आडवी आहे, दुखत नाही, तरी डॉक्टर काढा म्हणतात. काढू का?

सीईटीग्रस्त
झालं. धागा गेला ओपीडीत.

दंतकथा
चंदू, एक्स-रे न बघता मी काहीही सांगणार नाही. पुढच्या दाढेला कीड लावतेय का एवढं तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि चिपळूणहून सुमेधाताईंच्या नवीन कॉलेजला आलात तर त्या मुलांचा कोटा तरी भरेल.

शेवंती
अवांतर होईल पण पेशंटच्या बाजूने लिहिते. माझ्या आईची पूर्ण कवळी मुंबईत एका डेंटल कॉलेजात एका विद्यार्थिनीने केली. माप, मग पुन्हा नीट माप, मग जबड्याची उंची, मग मेणात दात लावून बघणं, मग कवळी, मग टोचतंय म्हणून घासायला परत. आई वैतागली होती, खाजगी डॉक्टर इतक्या चकरा मारायला लावत नाहीत म्हणायची. पण प्रत्येक पायरीला मॅडम येऊन बघायच्या आणि तीन वेळा त्या मुलीला मेण वितळवून दात पुन्हा लावायला सांगितले. कवळी अजून बसते आहे, आई भाकरी खाते. तर मास्तर म्हणतात ते शंभर टक्के. मॅडम नसत्या तर मेणातले पहिलेच दात आईच्या तोंडात आले असते.

जाता जाता, नायरचं डेंटल कॉलेज १९३३ पासून आहे. तिथे आता पेशंटला रांग लावावी लागते. एवढी वर्षं कॉलेज चाललं की बस पाठवावी लागत नाही.

बांबोळीकर
आमच्या गोव्यात हा प्रश्नच नाही, एकच डेंटल कॉलेज, बांबोळीला, १९८० पासून, सरकारी, समोर मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. पेशंट सगळ्या गोव्यातून, सिंधुदुर्गातूनही येतात. पण बाहेरच्यांना फार जागा नाहीत, गोव्याच्या रहिवाशांनाच प्राधान्य. नव्या कॉलेजच्या बाबतीत दंतकथा काय म्हणतात तेच मीही म्हणतो, शेजारी हॉस्पिटल आसा की ना ते पळे (आहे की नाही ते बघा).

हेमा_ह्यूस्टन
इकडची गंमत सांगते. माझ्या नणंदेच्या मुलीने इथल्या डेंटल स्कूलना अर्ज केले तेव्हा नवीन शाळांवरून घरात असाच वाद झाला. इथेही अलीकडे बऱ्याच नव्या उघडल्यात, आमच्या टेक्सासात एल पासोला टेक टेकची २०२१ ला सुरू झाली. नवीन शाळेला आधी "इनिशियल" मानांकन मिळतं, त्याशिवाय मुलं घेताच येत नाहीत, आणि पूर्ण मानांकन पहिली बॅच बाहेर पडताना. म्हणजे तुमच्यासारखंच. फरक असा की इथे गुणांवर सरळ यादी लागत नाही, निबंध, मुलाखत, डॉक्टरांसोबत घालवलेले तास, सगळं बघतात. नव्या शाळेच्या मुलाखतीत मुलंच शाळेची मुलाखत घेतात असं ती म्हणाली: चौथ्या वर्षी पेशंट कुठून आणणार ते सांगा. प्रश्न तोच बघा.

कुणाची मुलं बीडीएस करून इकडे यायचं म्हणत असतील तर इथे पुन्हा दोन-तीन वर्षांचा कोर्स आणि आयएनबीडीई परीक्षा द्यावी लागते. फी ऐकून दात आपोआप पडतात.

पुणेरी_चिंच
"टेक टेक"?

हेमा_ह्यूस्टन
टेक्सास टेक. फोनवरून लिहिते आहे हो.

वैशाली ज.
फीचं कुणी बोललंच नाही. सुमेधाताई, कॉलेज सांगतं त्या फीवर विश्वास ठेवू नका, शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजला काय फी ठरवून दिली आहे ते त्यांच्या संकेतस्थळावर बघा. नवीन कॉलेजला आधी अंतरिम फी असू शकते, नंतर बदलते. म्हणून "पाच वर्षं हीच फी राहील" असं लेखी देतात का विचारा. बहुतेक देत नाहीत.

दुसरं महत्त्वाचं. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय वाचा. मुलगी ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गातून असेल, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) झाला असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. संस्थेच्या कोट्यातून घेतलं तर हा लाभ नाही, आणि खाजगी अभिमतला नाही. खाजगीत १५ टक्के जागा संस्थेच्या कोट्यात असतात, तिकडे ओढायचा प्रयत्न होतो. "आत्ता घेतलंत तर जागा नक्की" वगैरे. जाऊ नका. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रीमीलेअर आजच काढा, तहसीलमध्ये ह्या दिवसांत गर्दी असते.

होस्टेल, मेस, इन्स्ट्रुमेंट, अ‍ॅप्रन ह्यात काही माफ नाही हे धरून चला. दुसऱ्या वर्षी सामानाची यादी हातात पडली की डोळे पांढरे होतात.

सीईटीग्रस्त
वैशालीताई, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवा कुणीतरी.

सुमेधा_ना
सगळ्यांचे मनापासून आभार. परवा लेक आणि मी जाऊन आलो, न सांगता. मंगळवार नव्हता, गुरुवार होता.

परवानगीचं पत्र दाखवलं, १०० जागा, ह्याच वर्षाचं. यादीतही नाव आहे. शरीररचनेच्या मॅडम खरोखर होत्या. त्या संस्थेच्या हॉस्पिटलमधून येतात आणि हॉस्पिटल आवारातच आहे, गजबजलेलं. डेंटलच्या ओपीडीत मात्र एका रांगेतल्या सगळ्या चेअर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. दुसऱ्या रांगेत चार पेशंट होते. मी त्यातल्या एका काकांना विचारलं, ते म्हणाले हॉस्पिटलमध्ये शुगर तपासायला आलो होतो, तिथल्या डॉक्टरांनी हिरड्या दाखवून या म्हणून पाठवलं. दंतकथा, हे चांगलं लक्षण म्हणायचं ना?

मेणकामाची प्रयोगशाळा बघून लेक तिथेच रेंगाळली. तिला कॉलेज आवडलं. मला मॅडम आवडल्या, कारण "रूट कॅनाल शिकवणारे वरिष्ठ प्राध्यापक अजून आलेले नाहीत, पुढच्या वर्षी येणार असं सांगतात" हे त्यांनीच सांगितलं.

आता अडचण अशी. जुन्या दोनपैकी एक कॉलेज नक्कीच बरं आहे पण तिथे नंबर लागेल असं वाटत नाही. मग ते वर टाकून जागा वाया घालवावी, की नवीन कॉलेजच पहिलं टाकावं?

खडूस मास्तर
ज्या मॅडमनी ते सांगितलं त्यांना माझा नमस्कार सांगा. अशी माणसं संस्थेत फार दिवस राहत नाहीत, पण ती आहेत तोवर पहिलं वर्ष नीट जाईल.

दंतकथा
हिरड्या दाखवायला पाठवलेले काका हे उत्तम लक्षण. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार हातात हात घालून चालतात, म्हणजे तिथला फिजिशियन जागा आहे आणि त्याचं डेंटलशी बोलणं आहे. हे कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

पसंतीक्रमाबद्दल. गुणवत्ता क्रमांकाप्रमाणे तुमचा नंबर आला की यंत्रणा तुमच्या यादीत वरून खाली बघते आणि पहिली रिकामी जागा देते. वर टाकलेलं मिळालं नाही म्हणून खालचं हातचं जात नाही. तेव्हा जे खरोखर हवं ते वर, शक्यता काहीही असो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत बीडीएसची मुलं एमबीबीएसकडे सरकतात आणि चांगल्या कॉलेजात जागा मोकळ्या होतात. मिळालेली जागा कायम ठेवायची की पुढच्या फेरीत जायचं ह्याचे नियम मात्र ह्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत शब्द न् शब्द वाचा. घाईत कायम ठेवण्याचा फॉर्म भरून टाकलात तर पुढच्या फेरीचा रस्ता बंद. सही करण्याआधी दोघींनी वाचा.

रुचा_इंटर्न
फक्त वाचत होते, आता लिहिते. मी एका नवीन कॉलेजच्या पहिल्या बॅचची, सध्या इंटर्नशिप चालू. ताईंच्या पहिल्या प्रश्नावर, म्हणजे पदवीच्या मान्यतेवर, कुणी आमच्या बाजूने लिहिलं नाही म्हणून.

आमच्या अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेलाच मान्यतेची तपासणी झाली. आम्ही पेशंटच्या तोंडात वाकलेलो आणि मागे परीक्षकांशिवाय आणखी माणसं वह्या घेऊन उभी. हात कापत होते. निकाल लागल्यावर मान्यतेचं पत्र यायला वेळ गेला आणि तेवढे दिवस व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज अफवा. राज्य दंत परिषदेत नोंदणी झाल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही, त्यामुळे हा काळ वाईट जातो. पत्र आलं. पण ज्यांनी नीट एमडीएसचा अभ्यास सुरू केला होता त्यांची झोप उडाली होती. पहिल्या बॅचने हे गृहीत धरायचं, दुसऱ्या बॅचला हा त्रास नाही.

बंद पडण्याबद्दल: कॉलेज काढताना राज्य सरकार आवश्यकतेचं प्रमाणपत्र देतं, त्यात कॉलेज चाललं नाही तर मुलांची जबाबदारी घेऊ अशी हमी असते. कागदावर. नूतनीकरण एखाद्या वर्षी नाकारलं तर नवीन बॅच येत नाही, पण आत असलेल्यांचं शिक्षण चालू राहतं. आमच्याकडे असं झालं नाही पण भीती दरवर्षी असायची.

पेशंट? तिसऱ्या वर्षी फार कमी होते. आम्ही शनिवारी गावागावात शिबिरं घेतली, झेडपीच्या शाळांत मुलांचे दात तपासले, पत्रकं वाटली. पहिल्यांदा लोक टूथपेस्ट फुकट मिळते म्हणून यायचे. चौथ्या वर्षापर्यंत बाकडी भरली. पाटीलसर म्हणतात तसं केस सगळ्या आमच्या वाट्याला आल्या. पण रूट कॅनालचे सर मध्येच सोडून गेले आणि काही महिने कुणी नव्हतं, तेवढं माझं कच्चं राहिलं. ते आता इंटर्नशिपला भरून काढतेय.

ताई, त्या मॅडमनी "पुढच्या वर्षी येणार" म्हटलंय ना? तुमच्या लेकीला रूट कॅनालचे सर तिसऱ्या वर्षीच लागतील. दुसऱ्या वर्षीचं फँटम हेडचं काम शिकवायला मात्र त्याच विभागाचं कुणीतरी हवं. ते कोण आहे हे विचारून घ्या.

सुमेधा_ना
रुचा, किती नीट लिहिलंस. आज फोन केला. त्या विभागात एक लेक्चरर आहेत, दोन वर्षांपूर्वी एमडीएस झालेले. नाव दिलं, मी लेकीला सांगितलं.

यादी अशी भरली आहे: आधी सरकारी चारही, लागणार नाहीत हे माहीत असून. मग ते बरं जुनं कॉलेज. मग नवीन. दुसरं जुनं त्याच्या खाली, कारण तिथे ओपीडी बघायला गेलेल्या माझ्या भावाला रखवालदाराने आतच सोडलं नाही. नवरा आणि भाचा दोघंही नाराज आहेत.

पुणेरी_चिंच
दोघंही नाराज म्हणजे यादी बरोबर असावी.

चंदू_चिपळूण
एक्स-रे काढला. पुढच्या दाढेला कीड आहे. काढून टाकतोय, सोमवारी.

सीईटीग्रस्त
आमच्या यादीत फिजिओथेरपीही आहे. वेगळा धागा काढू का इथेच विचारू?